एका तारेवरची दोन घरं

आधीच सांगून टाकते, माझ्या ऱ्हस्वदीर्घाचा काही भरवसा नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तीही बरीचशी पाटीवर. कागदावर शाईनं लिहायची वेळ आली तोवर माझं नाव काढलं होतं. अक्षर तर असं आहे की दळणाची यादी दिली तर गिरणीवाला परत पाठवून विचारतो, हे काय लिहिलंय. आता हातही कापतो. चुकलं असेल तिथं माफ करावं. पण माफी कुणाकडं मागते आहे हे माझं मलाच कळत नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. दुपारी घरातले कामाला गेले की दार लोटून घेते आणि लिहिते. बोलणं मला कधी जमलं नाही. चार माणसांत घसा बंद होतो, अजूनही. आणि ज्या एका वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, ते ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली. मी एकटी उरले, म्हणून आता कागदाला सांगते.

आमचं घर जळकोटला, सोलापूर-हैदराबादच्या सडकेला लागून. पुढच्या दोन खणांत आप्पांचं हॉटेल होतं आणि मागं आम्ही राहायचो. आप्पा म्हणजे माझे वडील. हॉटेल म्हणजे काय, दोन बाकडी, एक भट्टी, बरण्यांत शेव आणि गुडदाणी. सकाळी पुढून भज्यांच्या घाण्याचा वास यायचा आणि मागं आई भाकरी थापायची. आईच्या हाताचा थप थप आवाज आणि आप्पांच्या कपबशा विसळण्याचा आवाज, या दोन आवाजांच्या मधे मी वाढले. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर करडईच्या तेलाची धार. पावसाळ्यात हुलग्याचं माडगं. ट्रक थांबला की भिंती थरथरायच्या आणि धाब्याच्या छतातून बारीक माती ताटात पडायची. आई ताट पुसायची आणि म्हणायची, "आलं गिऱ्हाईक. खा, ही बी आपल्याच घराची माती हाय."

आमच्या भिंतीला भिंत लावून मल्लप्पाकाकांचं घर. त्यांची आडत होती. घरात कानडी बोलायचे, ओट्यावर मराठी. त्यांचं घर आमच्यापेक्षा उंच, माळवदावर आणखी एक माडी होती, तिला सडकेच्या उलट बाजूला गजांची एक लहान खिडकी. दोन्ही घरांत रेडिओ एकाच हंगामात आला. आप्पांना तो ट्रकवाल्यांसाठी हवा होता. ते म्हणायचे, गाणं लागलं की ट्रक आपोआप थांबतो. मल्लप्पाकाकांना तूर-करडईचे भाव ऐकायला हवा होता. गावात वीज नव्हती, दोन्ही सेट बॅटरीवरचे. बॅटरी म्हणजे विटेएवढा लाल डबा, आणि महाग. पण खरी अडचण तारेची होती. आवाज पकडायला उंचावर तांब्याची तार लागायची आणि उंच फक्त त्यांची माडी होती. सोलापूरहून खादरचाचा नावाचे कारागीर एस.टी.नं आले. त्यांनी माडीवर उंच वेळू उभा केला, तार ताणली आणि तिचे खाली दोन फाटे काढले, एक त्यांच्या घरात, एक आमच्या.

आप्पांना शंका आली. ते म्हणाले, "चाचा, एका तारंवर दोन डबे? एकाला भाव पाहिजे, एकाला गाणं. तार कुणाचं ऐकंल?"

खादरचाचा पान लावत बसले होते. म्हणाले, "आप्पा, तार को क्या. हवा में जित्ते स्टेशन हैं, सब उसपे एकसाथच आते. हैदराबाद भी, पूना भी. तुमारा डब्बा अपना चुन लेता, उनका डब्बा अपना. झगडा नको. लेकिन एक बात याद रखना. डब्बा खाली सुनता नहीं, थोडा बोलताच है. उनका काटा फिरा, तो तुमारे में शीटी आयेगी. आवाज बंद रखा तो भी आयेगी."

आता माझ्या मुलाच्या घरी भिंतीवर एक पांढरा डबा आहे, त्याला दिवे लुकलुकतात. सगळ्यांचे फोन त्या एकाच डब्यावर चालतात. सून सिनेमा बघते, नातू अभ्यास करतो, एकाचं दुसऱ्याला काही ऐकू येत नाही. चांगलं आहे. पण त्या दिव्यांकडं बघत बसले की मला वाटतं, कुणी आत अडकलं तर या डब्यात शीळ वाजेल का?

खादरचाचा म्हणाले तसंच झालं. आमच्याकडं हैदराबाद लागलेलं असलं आणि काकांनी त्यांचा काटा फिरवला, की आमच्या गाण्यातून एक शीळ जायची. उंचावरून खाली घसरत यायची आणि पुन्हा वर चढून नाहीशी व्हायची. आमचा काटा फिरला की त्यांच्याकडं तेच. महिनाभर दोघांची भांडणं.

"मल्लप्पा, ऐन गाण्यात तुझं शिट्टी मारतंय की रं!"

"आन् माझ्या तुरीच्या भावात तुझं! भाव वर गेला का खाली, कळलं न्हाय मला. आता तूर इकू का ठिवू?"

"ठिव. शिट्टीवर भाजून खा."

शेवटी ठरलं, भावाच्या वेळी आमचा काटा हलवायचा नाही आणि गाण्याच्या वेळी त्यांचा. दुपार कुणाचीच नव्हती. दुपारी आप्पा बाकड्यावर आडवे व्हायचे, काका आडतीत असायचे. म्हणून दुपार आम्हा दोघींची झाली.

दुसरी म्हणजे नीलव्वा, मल्लप्पाकाकांची सून. मी नुकती परकरातून साडीत आले होते, ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. मी तिला नीलाक्का म्हणायची. तिचा नवरा सोलापूरला पेढीवर होता, सणावारी यायचा. आई-बाप नव्हते, आळंदकडं एक भाऊ होता. ती फार हळू बोलायची आणि मी तर बोलायचीच नाही, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. भेटली की पहिलं विचारायची, "मंगे, ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. मी मान हलवायची. संपलं. पण दुपारी रेडिओवर आम्ही बोलायचो. मी माझा काटा हैदराबादवर ठेवायची. तिचा काटा कुठं आला की माझ्यात शीळ उठते ती जागा तिनं शोधली आणि काचेवर कुंकवाचा ठिपका लावला. ठिपक्यावरून काटा दोनदा भरकन नेला की दोन आखूड शिळा, आणि हळू नेला की एक लांब. दोन आखूड, एक लांब म्हणजे ऊटा आयता. मी माझा काटा तसाच फिरवून उत्तर द्यायची, एक लांब. व्हय, झालं. कुणाला सांगितलं तर हसतील, पण चार माणसांत तोंड न उघडणारी मी त्या दुपारी बडबडी होते.

मग एक दिवस दुपारी शीळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकांच्या बायकोनं, गुरव्वाकाकूंनी, आईला सांगितलं की भाऊ आला होता, माहेरी घेऊन गेला. आई म्हणाली, "आसं कसं? दारात गाडी उभारलेली दिसली न्हाय." काकू म्हणाल्या, "पहाटं गेली." आणि पदर तोंडाशी धरून आत गेल्या. महिन्याभरानं निरोप फिरला की नीलव्वा पटकीनं गेली, तिकडंच माती दिली. तिचा नवरा आला, ओट्यावर एक दिवस खाली मान घालून बसला आणि परत गेला. दोन्ही घरांचे रेडिओ बंद झाले. काकांनी त्यांचा सेट धोतरात गुंडाळून वर माडीत ठेवून दिला. दुखवटा आहे, भाव काय कुणाकडूनही कळतील, म्हणाले. मी कुणासमोर रडले नाही. पाणी भरायला जायची आणि रांजणात तोंड घालून रडायची. आत आवाज घुमायचा, जणू कुणी दुसरंच रडत आहे.

आप्पांनी थोड्या दिवसांनी आमचा रेडिओ लावला, धंदा किती दिवस बंद ठेवणार. दिवेलागणीची वेळ होती. आई कंदिलाची काच पुसत होती. पुढं दोन ट्रकवाले आणि मल्लप्पाकाका चहा घेत बसले होते. हैदराबादवर भजन चाललं होतं. आणि भजनातून शीळ आली. आखूड. आखूड. मग एक लांब, खाली खाली घसरत गेलेली.

ऊटा आयता. आप्पा म्हणाले, "मल्लप्पा, तुझा डबा चालू हाय का रं?"

"न्हाय की. गुंडाळून ठिवलाय. घरात कुणी हात बी लावत न्हाय."

ते बोलत असतानाच पुन्हा तीच शीळ. आखूड, आखूड, लांब. काकांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. ते उठले, घराकडं पळाले. त्यांच्या चपला आमच्या बाकड्याखाली तशाच राहिल्या. थोड्या वेळानं परत आले, धाप लागली होती. म्हणाले, "बघून आलो. डबा गुंडाळलेला हाय तसाच हाय. आवाज न्हाय, दिवा न्हाय." आणि रेडिओकडं पाठ करून उभे राहिले.

रोज दिवेलागणीला शीळ येऊ लागली. ट्रकवाल्यांनी सडकेवर गोष्ट नेली की जळकोटच्या हॉटेलात मेलेली बाई रेडिओत शिट्टी मारते. आधी माणसं ऐकायला यायची, मग यायची बंद झाली. नीलव्वा तारेवर बसते असं गावात झालं. कुणी तरी वेळूला लिंबू-मिरची बांधून गेलं. आई मोठ्यानं म्हणायची, "जितेपणी जिनं कुणाला मोठ्यानं हाक मारली न्हाय, ती मेल्यावर शिट्ट्या मारती व्हय?" पण कातरवेळ झाली की भाकरीचा तुकडा दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर ठेवून यायची, हे मी पाहिलं होतं. सकाळी तो नसायचा. कावळ्यानं नेला असेल.

मल्लप्पाकाका एक दिवस आप्पांना म्हणाले, "खादरला सांगावा धाडलाय. बाजारच्या दिवशी यील. तार उतरवून टाकू. माझ्या महादेवीचं जमायलंय, आप्पा. असल्या घरची पोरगी कोण करून घील?" आप्पांना तार जाणं परवडणारं नव्हतं, पण रिकामी बाकडी तरी कुठं परवडत होती. ते बरं म्हणाले.

मला झोप येईना. भीती होती, पण तिच्याहून मोठी एक गोष्ट होती. ती मलाच विचारत होती, जेवलीस का, आणि मी उत्तर देत नव्हते. बाजाराच्या आधी पाच-सहा दिवस असतील, शीळ आली तेव्हा आप्पा भट्टीशी होते. मी रेडिओशी गेले आणि काटा हळू फिरवला. एक लांब. क्षणभर नुसती खरखर. आणि मग पलीकडून लगेच, घाईघाईनं, आखूड आखूड आखूड, कितीतरी, एखाद्यानं दार बडवावं तशा. मी काटा सोडून मागच्या दारानं पळाले आणि आईच्या पाठीला चिकटून बसले. "काय गं?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शीळ बारीक आली. तिसऱ्या दिवशी त्याहून बारीक, आणि लांब शीळ मधेच थरथरत गळून पडायची. गाव म्हणालं, लिंबू लागू पडलं. मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते आठवत नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी मी आमच्या माळवदावर कुरडया वाळत घालत होते. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, सगळं गाव मेल्यासारखं निजलेलं. कुरडया उलटताना सहज वर पाहिलं. माडीच्या गजांच्या खिडकीत, आतल्या फळीवर, एक लाल चौकोनी वस्तू उन्हात ठेवली होती. मी पदरानं डोळे पुसले. शेवटची कुरडई उलटून पुन्हा पाहिलं तर फळी रिकामी होती. खिडकीच्या आत नुसता काळोख.

त्या संध्याकाळी शीळ पुन्हा चांगली ठसठशीत आली. आणि मला आठवलं. आमची बॅटरी उतरली की रेडिओ असाच बारीक व्हायचा, असाच थरथरायचा, आणि आप्पा ती काढून दिवसभर उन्हात ठेवायचे. नवी घ्यायला पैसे नसले की सगळेच तसं करायचे. उन्हात तापली की ती आणखी एक-दोन दिवस जगायची.

मी चुलीशी गेले. आई भाकरी थापत होती. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. पण परवा बाजार होता. मी म्हणाले, "आई, मेलेलं माणूस बॅटरी उन्हात ठिवतंय का?"

आईचा हात भाकरीवर थांबला. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्ना सांग. सावकाश."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई ताटात कुरडया घेऊन शेजारी गेली, मला मागं घेऊन. काकू एकट्याच होत्या. आईनं ताट खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "गुरव्वाक्का, माडीच्या खिडकीत बॅटरी वाळत घातलीय जणू. आभाळ भरून आलंय. काढून घ्यावा."

आभाळ कोरडं ठाक होतं. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. "यव्वा," एवढंच म्हणाल्या. मग उठून त्यांनी पुढच्या दाराला कडी घातली.

त्यांनी सांगितलं ते असं. नीलव्वानं एक दिवस तापलेला तवा उघड्या हातानं उतरवला. कातडं जळल्याचा वास सगळ्या घरात आला, पण तिला कळलंच नाही. मग दंडावरचा चट्टा दिसला. काकांनी ओळखलं की हा महारोग. महादेवीची सोयरीक जुळत आलेली. भावाकडं निरोप धाडला, त्यानं माणसाला दारातूनच परत लावलं. मग तिला माडीत ठेवली आणि गावाला सांगितलं माहेरी गेली. महिना झाला, लोक विचारू लागले, तेव्हा मेली म्हणून सांगितलं. "पोरीचं लगीन हुईस्तोवर, आसं ह्ये म्हणाले. उपाशी न्हाय ठिवली मी, आक्का. रोज ताट नेती. पर उंबऱ्यावर ठिवून मागं सरती. तिच्या तोंडाकडं बघणं हुईना." काकू पुढं म्हणाल्या, "शिट्टी आली त्या दिवशी ह्ये वर पळत आले, तर डबा गुंडाळलेला न् ती भिंतीकडं तोंड करून निजलेली. तवापासनं ह्येंना वाटतंय, आपून खोटं बोललो ते खरं व्हायलंय. जिती हाय तोवरच तिचं भूत झालं."

"चावी द्या," आई म्हणाली.

माडीत अंधार होता. उष्ण धान्याचा, पोत्यांचा, न धुतलेल्या केसांचा वास. पोत्यांच्या पलीकडं नीलाक्का बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही. जवळ धोतराचं गाठोडं होतं, त्याची एक बाजू उघडी. त्यातून रेडिओची काच दिसत होती आणि काचेवर कुंकवाचा ठिपका, वाळून काळा पडलेला. खिडकीजवळून खाली जाणारी तार ती गुपचूप त्याला जोडायची आणि चाहूल लागली की काढायची. आवाजाचं बटण तिनं नुसतं टक करून चालू केलेलं असायचं, पुढं फिरवायचंच नाही. तिला काहीच ऐकू यायचं नाही. रोज कातरवेळी ती त्या मुक्या डब्याचा काटा फिरवायची, खाली कुणी आहे की नाही हे न कळता. मी उत्तर दिलं त्या दिवशी तिनं बटण केसभर पुढं घेतलेलं होतं, कान कापडाला लावून. त्यानंतरच तिनं ते दार बडवल्यासारखं केलं होतं.

तिनं तोंड उघडलं. आवाज वाळलेल्या पानांसारखा झाला होता. "मंगे, ऊटा आयता?"

मी मान हलवली. मग आयुष्यात कधी नव्हे ते मोठ्यानं म्हणाले, "झालं. तुझं?"

ती हसली. "मला गाव मेली म्हणतंय व्हय? कशानं मेले?"

"पटकीनं."

"बरं झालं. लवकर सुटले." मग म्हणाली, "डब्याची बॅटरी संपत आली बघ."

"उद्या तार बी काढणार हैत," मी म्हणाले.

तिचं हसू गेलं. "तार गेली की मग मी खरंच मेले, मंगे."

आईनं त्याच दिवशी आप्पांना सांगितलं आणि आप्पांनी मल्लप्पाकाकांना हॉटेलच्या मागच्या अंगाला बोलावलं. मी दाराआड होते. आप्पा ओरडले नाहीत. म्हणाले, "सोलापूरच्या अंगाला दवाखाना हाय, असल्या माणसांना ठिवून घेत्यात. गोळ्या निघाल्यात आता. डायवर लोकांनी सांगितलंय मला." काका खाली बघत होते. म्हणाले, "गावाला कळता कामा न्हाय, आप्पा. मेली ती मेलीच ऱ्हाऊ द्या." आप्पांनी खांद्यावरचा पंचा झटकला. मग म्हणाले, "ते तिला इचारू."

माडीत काकांनी उंबऱ्यातूनच नोटांची गुंडाळी पुढं केली. नीलाक्कानं हात पुढं केला नाही. म्हणाली, "मामंजी, मेलेल्या माणसाला पैसे देऊ नगा. वाया जात्यात." मग आईकडं वळली. "काकू, तुम्ही द्या. पर उसने म्हणून द्या. उसनं जित्या माणसालाच देत्यात. मी फेडीन."

आईकडं पैसे होते ते एकाच डब्यात, आमच्या नव्या बॅटरीसाठी साठवलेले. आप्पांनी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? तुमच्या ट्रकवाल्यांना मी गाणी म्हणून दाखवीन." आणि सगळा डबा तिच्या पदरात ओतला.

बाजारच्या दिवशी उन्हं डोक्यावर असताना, सगळं गाव बाजारात होतं तेव्हा, आप्पांच्या ओळखीचा एक ट्रक मागच्या वाटेला थांबला. नीलाक्का डोक्यावरून घोंगडी घेऊन चढली. गुरव्वाकाकूंनी तिच्या हातात भाकरीची शिदोरी दिली. या वेळी खाली ठेवली नाही, हातात दिली, आणि हात सोडेनात. ट्रक हलला तेव्हा छतातून माती पडली, नेहमीसारखी.

संध्याकाळी खादरचाचा आले. काकांना तार डोळ्यांसमोर नको होती. चाचांनी माडीवर चढून जोड सोडवला, लिंबू-मिरची बाजूला केली. गजांच्या खिडकीकडं थोडा वेळ बघत उभे राहिले. खाली उतरल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बोला था ना बेटी, डब्बा थोडा बोलताच है." मी मान खाली घातली. आमच्या फाट्याची तार गुंडाळून त्यांनी आप्पांच्या हातात ठेवली आणि मजुरी न घेता एस.टी.ला गेले. गाव म्हणालं, नीलव्वा गेली तारेबरोबर.

पुढचं वर्षभर आमचा रेडिओ फळीवर मुका बसला. गिऱ्हाईक सडकेवरच्या दुसऱ्या हॉटेलात जाऊ लागलं. आप्पा धंदा मंद असला की म्हणायचे, "मंगेच्या आईला गाणं म्हणायला लावा रं कुणी तरी," आणि आई भाकरीच्या पिठाचा हात त्यांच्यावर झटकायची. महादेवीचं लग्न झालं. नीलाक्काच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली. दोन्ही लग्नांत आम्ही जेवलो. माझ्या पानातलं गोड तसंच राहिलं.

मग एका दुपारी पोस्टमननं आईला हाक मारली. मनिऑर्डर. रक्कम अगदी थोडी. पाठवणारणीचं नाव निराळंच, आम्ही कधी न ऐकलेलं. पोस्टमन म्हणाला, "कोण ही?" आई म्हणाली, "माझी मावसबहीण. दवाखान्यात मागावर बसती." दवाखान्यात माग असतात हे तिनं कुठून काढलं देव जाणे, पण पुढं कळलं की खरंच तिथं सतरंज्या विणायला शिकवत. मनिऑर्डर वर्षातून दोनदा, कधी एकदा यायची. कागदाच्या तळाशी कुणी तरी तिच्यासाठी लिहिलेली एकच ओळ असायची, सगळ्यांचं जेवण झालं का. पोस्टमन आमच्या दारात थांबला की मल्लप्पाकाका आडतीतून उठून आमच्या बाकड्यावर येऊन बसायचे. विचारायचे काही नाहीत. चहा प्यायचे आणि जायचे.

माझं लग्न लोहाऱ्याला झालं. पंचमीला माहेरी आले होते, तेव्हा आमच्या एव्हाना उंच झालेल्या लिंबाला तार लागली होती आणि रेडिओ पुन्हा चालू होता. कातरवेळी मी हैदराबाद लावून बसले. गाणं स्वच्छ येत होतं, मधे काही नाही. तेवढ्यात पोस्टमन आला, उशिरा. या वेळची रक्कम नेहमीपेक्षा थोडी जास्त होती. तळाशी लिहिलं होतं, हे शेवटचे, सगळे फिटले.

पोस्टमन सायकलवर टांग टाकून गेला. बाकड्यावर मल्लप्पाकाका होते, पार थकलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं. "आलं का, वैनी?"

"आलं. सगळं फिटलं."

ते उठले, अंधारात पायानं चपला चाचपत राहिले आणि सापडल्यावर हळू घराकडं गेले. आई आत येऊन नोटा डब्यात ठेवू लागली. ठेवता ठेवता थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "थोडी बाकी ठिवायला पाहिजे हुती गं तिनं."